द्वारकाबाईचा सोफा

औरंगपुऱ्यात त्या काळी डोळे मिटून दगड भिरकावला असता, तर तो कुठल्या ना कुठल्या दिग्दर्शकाच्याच टाळक्यात बसला असता. हुकलाच तर नटाला लागला असता. प्रेक्षकाला लागायची भीती नव्हती, कारण प्रेक्षक नावाचा प्राणी गावात उरलाच नव्हता. सगळेच रंगकर्मी. ह्या मंडळाचं नाटक असलं की त्या मंडळाचे लोक बघायला जायचे, आणि तेही कसं पडतं ते बघायला. पडलं की मग हॉटेलात बसून अर्धा अर्धा चहा पीत म्हणायचे, "प्रयोग चांगला होता, पण..." त्या 'पण'च्या पुढं तासभर तोंडाचा पट्टा चालायचा.

औरंगाबाद म्हणायचे तेव्हा, आत्ताचं छत्रपती संभाजीनगर. वेरूळ-अजिंठा बघायला जगभरातून माणसं यायची आणि दगडातलं काम बघून गप्प व्हायची. आमचे हे शहाणे त्यावर मान डोलवून म्हणायचे, कलेची परंपराच आहे आमच्याकडं. लेणी खोदणाऱ्यांनी हे ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी छिन्नी टाकून घरी गेले असते बिचारे.

अशा ह्या गावात एका माणसाला नाटकाचा मनापासून तिटकारा होता, आणि नेमकं त्याच माणसाचं घर वर्षानुवर्षं नाटकात नांदत होतं. ते माणूस म्हणजे द्वारकाबाई. 'कलाप्रपात' नाट्यमंडळाचे संस्थापक, अध्यक्ष, दिग्दर्शक आणि प्रमुख नट तात्यासाहेब, त्यांची बायको.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली द्वारकाबाई रांगत होती. खुलताबादच्या अलीकडं बापाची बेताची जमीन. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी सगळं सांगितलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून आहे, शहरात बिऱ्हाड आहे, वेरूळकडं शेती आहे, ती दोघे भाऊ कसतात. नाटकाचं मात्र कुणी अक्षर काढलं नाही. दारू पीत असता तर कुणीतरी बोललं असतं. दारूची लोकांना भीती वाटते, नाटकाची वाटत नाही, हीच तर गोम आहे.

लग्न होऊन ती औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत आली तेव्हा घरात बसायला काही नव्हतं. होतं ते सगळं कुठल्या तरी प्रयोगाला गेलेलं, आणि प्रयोगाला गेलेलं परत येईलच असं नसतं. लेकीला भेटायला बाप आला तो पालथ्या बादलीवर बसून चहा प्याला. पुढच्या महिन्यात बैलगाडीतून सोफा आला. गावातल्या ज्या सुतारानं जन्मभर गाड्या आणि नांगर केले, त्यानं कॅलेंडरवरचं चित्र बघून बाभळीचा सोफा केला होता. हात इतके रुंद, की त्यावर लेकरू झोपवावं. बसायला कडक, दिसायला ओबडधोबड, पण हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही असा. द्वारकाबाई दर शनिवारी त्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायची. बापाच्या घरचं तेवढंच एक लाकूड तिच्याजवळ होतं.

तो सोफा दिवाळीपर्यंत घरात टिकला. मग हातगाड्यावर चढून जो स्टेजवर गेला, तो पुढं घरी कमी आणि स्टेजवर जास्त राहिला.

हौशी नाटकाचं एक गुपित आहे. नट फुकट मिळतात, नाटक उसनं आणता येतं, पण दिवाणखाना आणायचा कुठून? तो दिग्दर्शकाच्या घरून जातो. मराठी नाटकात तर जे काही घडतं ते दिवाणखान्यात घडतं. इतिहासातलं नाटक असलं की द्वारकाबाईचा लग्नातला शालू सिंहासनावर अंथरला जायचा आणि राजा म्हणून बसणारा सूर्यभान त्यावर पानाची पिंक पाडून यायचा. हा सूर्यभान म्हणजे मंडळाचा हुकमाचा नट. दिवसा टायपिंगच्या क्लासात शिकवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या वस्तू मोडायचा. गावाकडचं नाटक असलं की सासूचं जातं जायचं. सामाजिक असलं की सोफा, कपबश्या, पडदे, भिंतीवरचं घड्याळ. एका वर्षी मात्र मंडळानं नव्या वळणाचं नाटक घेतलं. त्यात कुणालाच नाव नव्हतं, एक 'तो', एक 'ती', आणि रिकाम्या स्टेजवर नुसती एक खुर्ची. नाटकाचं काय झालं देव जाणे, पण त्या वर्षी घरातली एकच खुर्ची गेली. नाट्यकलेनं आपल्यावर केलेला तेवढा एकच उपकार द्वारकाबाई पुढं जन्मभर सांगायची.

तात्यासाहेबांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. भावांनी पाठवलेल्या ज्वारीवर घर चालायचं आणि पगारावर नाटक. घरातसुद्धा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी लागलेला असायचा. जेवायला बसले की म्हणायचे, "द्वारका," मग थांबायचे, भिंतीपलीकडं कुठंतरी नजर लावायचे, आणि मग सावकाश, "मीठ." तोवर मीठ ताटात पडलेलं असायचं. तालमी घरातच. पंधरा माणसं ओसरीपर्यंत बसायची, आणि आत स्वयंपाकघरात द्वारकाबाई मोठ्या पातेल्यात चहा उकळायची. तिची एकुलती एक लेक वच्छला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची. पोरगी कामसू आहे, असं द्वारकाबाईला वाटायचं. एवढेसे तांदूळ, अख्खी तालीम सरेस्तोवर निवडून होत नव्हते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

आपल्या नवऱ्याचं नाटक द्वारकाबाईनं जन्मात एकदा बघितलं. शेजारच्या दगडाबाईनं लईच आग्रह केला म्हणून गेली. स्पर्धेचा प्रयोग होता. पडदा उघडला आणि बघते तर समोर तिचंच घर. तिचा सोफा, तिचे पडदे, तिचं घड्याळ, ते मात्र बंद पाडलेलं. तिच्या नवऱ्याला दुसरीच बाई "अहो" म्हणत होती. तेही तिनं गिळलं. पण ती बाई तिच्याच कपातून चहा प्याली आणि तो ओला कप तिनं बशीशिवाय सोफ्याच्या हातावर ठेवला. बापाच्या बाभळीवर! द्वारकाबाई पाचव्या रांगेतून ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ए बाई, खाली बशी ठेव की."

स्टेजवरच्या बाईनं घाबरून बशी ठेवली. आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला म्हणता! पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी निकालात लिहिलं, की प्रेक्षकांतून पात्र उभं करण्याची कल्पना धाडसी आहे, सबब दिग्दर्शनाला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ म्हणजे लेकरू रडू नये म्हणून हातावर ठेवतात तो गुळाचा खडा. 'कलाप्रपात'ला साऱ्या हयातीत मिळालेलं हे एकमेव बक्षीस. तात्यासाहेबांनी प्रमाणपत्राला चौकट करून ती ओसरीवर टांगली आणि येईल त्याला सांगू लागले, की दाढी करता करता सुचलं मला ते. आरशासमोर.

द्वारकाबाईला संताप आला तो याचा नव्हे, की नवऱ्यानं श्रेय लाटलं. ते श्रेय तिला दिलं असतं तर तिनं चुलीत घातलं असतं. तिला चीड आली ती टाळ्यांची. आपण जन्मात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो, आणि ह्या मेल्यांनी त्याचंही नाटक केलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं देवासमोर दिवा लावला आणि मनाशी गाठ मारली. माझं झालं ते झालं. वच्छीला असल्या घरात द्यायची, जिथली खुर्ची जागची हलत नाही. पैसा नसला तरी चालेल, रंग काळा असला तरी चालेल, पण घरात नाटक नको.

वच्छला लग्नाची झाली तशी स्थळं यायला लागली. एक मास्तर आला, तो एकांकिका लिहायचा. एक वकील आला, त्याचा थोरला भाऊ मेकअप करायचा. गावात रोगच असा पसरला होता. द्वारकाबाईनं सगळ्यांना वाटेला लावलं. शेवटी दगडाबाईनं वैजापूरचं स्थळ आणलं. मुलगा रामकिसन, बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान, बाप बद्रीनाथ शेती बघतो, आई लक्ष्मीबाई गरीब. द्वारकाबाईनं पहिला प्रश्न केला, घरात कुणाला नाद आहे का. दगडाबाई म्हणाली, नाय बाई, सुपारी पण खात नाय कुणी. द्वारकाबाई म्हणाली, तो नाद नाही ग, नाटकाचा.

पाहुण्यांनी रविवार कळवला. वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन दुपारी येतो म्हणाले. तात्यासाहेब "बरं" म्हणाले. त्यांनी ते ऐकलं नव्हतं, पण त्यांचं "बरं" असं यायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं किती विचार केलाय. त्याच रविवारी संध्याकाळी 'कलाप्रपात'चा स्पर्धेतला प्रयोग होता. सकाळी द्वारकाबाई पोह्यांसाठी शेंगदाणे आणायला चौकात गेली, परत येऊन बघते तर घर झाडून नेल्यासारखं रिकामं. ओसरीवर ओल्या रंगाचे पडदे वाळत घातलेले, मधोमध सूर्यभान तोंडाला पांढरं फासून वाक्यं पाठ करत उभा, आणि तात्यासाहेब नाट्यगृहात.

ती तशीच तरातरा नाट्यगृहात गेली. आज लेकीला बघायला येणार आहेत, म्हणाली, घरी चला. तात्यासाहेबांनी कपाळाला हात लावला, पण दुःख असं की ते स्टेज सोडू शकत नव्हते. आत्ता स्टेज सोडलं तर पुढच्या मंडळाचे लोक दिवे काढून नेतील, आणि मग अंधारात काय वाचिक अभिनय करायचा? बापाशिवाय मुलगी दाखवली तर वैजापूरकर काय म्हणतील, असं तिनं विचारलं. त्यावर तात्यासाहेबांनी वर बघितलं, थांबले, आणि हळूच म्हणाले, "द्वारका, पाहुण्यांना इथंच आण."

"इथं कुठं?"

"हे काय. सोफा आपला, पडदे आपले, कपबश्या आपल्या. घरी काय वेगळं आहे? उलट इथं पंखे आहेत."

आता एखादी दुसरी असती तर तिनं तिथंच नवऱ्याचं डोकं नारळासारखं वाढवलं असतं. पण पाहुणे वेरूळहून निघाले होते आणि घरी त्यांना बसवायला काही नव्हतं. झक मारत द्वारकाबाईनं पोह्यांचा डबा बांधला, लेकीला साडी नेसवली आणि रिक्षा केली. जगाच्या पाठीवर कुठल्या पोरीचा बघण्याचा कार्यक्रम स्टेजवर झाला असेल तर तो आमच्या वच्छीचा. असली अक्कल ह्याच गावाला सुचू जाणे.

दगडाबाईनं गल्लीच्या तोंडाशीच गाठून इकडं वळवलेले वैजापूरकर आले. विंगेतून वाकत वाकत स्टेजवर आले आणि सोफ्यावर बसले. समोर शेकडो रिकाम्या खुर्च्या, मागं रंगवलेली भिंत, तिच्यात रंगवलेली खिडकी. लक्ष्मीबाईनं खिडकीकडं बघून पदर सावरला, बाहेरून कुणी बघेल म्हणून. वर दिवेवाला दिवे तपासत होता, त्यानं बद्रीनाथाच्या तोंडावर लाल दिवा सोडला, मग निळा सोडला. म्हातारा शांतपणे निळा होऊन बसून राहिला. आणि तात्यासाहेब! सरळ येऊन नमस्कार करावा की नाही? ते दारातून आले, चौकटीत थांबले, एक पाऊल पुढं टाकलं, परत थांबले आणि मग म्हणाले, "या." माणसं येऊन बसलेली, पोहे निम्मे संपलेले.

मग वच्छला चहाचा ट्रे घेऊन आली. कडेला जरा थबकली, पायानं स्टूल एवढंसं डावीकडं सरकवलं आणि त्यावर बसली. वरून पिवळा दिवा नेमका तिच्या तोंडावर पडला आणि पोरगी सोन्यासारखी दिसायला लागली. लाजली माझी बाय, द्वारकाबाईला वाटलं, बसायला जागा सुधरेना. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असं लक्ष्मीबाईनं विचारलं. वच्छलानं मोकळ्या आवाजात उत्तरं दिली, पार मागच्या भिंतीवर जाऊन आपटतील अशी. घाबरली म्हणून मोठ्यानं बोलतेय, असं द्वारकाबाईनं त्याचंही ठरवून टाकलं. आईला आपल्या लेकरात जे बघायचं नसतं ते दिसत नाही, दिवा कितीही मोठा असो.

तेवढ्यात बद्रीनाथ उठला. धोतराचा सोगा हातात धरून स्टेजच्या पार पुढं गेला, रिकाम्या खुर्च्यांकडं बघत उभा राहिला आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, इथून लई बरं वाटतं हो. गेलं हेही घर, द्वारकाबाईच्या मनात आलं. मग तिनं रीतभात बाजूला ठेवली आणि सरळ मुलालाच विचारलं.

"तुम्हाला नाटकाची आवड हाय का हो?"

रामकिसन मघापासून सोफ्याच्या हातावर अंगठा फिरवून लाकूड कसलं ते बघत होता. त्यानं मान हलवली. "नाय मामी. मला झोप येती."

मंगळसूत्र हाताशी असतं तर द्वारकाबाईनं तिथंच लग्न उरकून घेतलं असतं.

पुढं ती घर बघायला वैजापूरला गेली, तर तिथं दुसरं सुख. बैठकीच्या खोलीत सागवानी सोफा. सुतार महिनाभर त्याच खोलीत बसला होता, जागेवरच जोडून दिलेला, इतका मोठा की दारातून निघायचा नाही. द्वारकाबाईनं पदराच्या टोकानं दाराची रुंदी मोजली, मग सोफ्याची मोजली, आणि लोक बघत असताना सोफ्याला हात जोडले. लक्ष्मीबाईला वाटलं विहीणबाई भाविक आहेत.

लग्न झालं. संसार चांगला लागला. वर्ष गेलं, दुसरं लागलं. तात्यासाहेबांच्या तालमी चालूच होत्या, सूर्यभानानं एक खुर्ची मोडली, नाटक पडलं, परीक्षकांना कळलं नाही असं ठरलं. द्वारकाबाई चहा उकळत राहिली, पण आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं. रिकाम्या घरात सतरंजीवर बसून ती डोळ्यांसमोर वैजापूरचा सोफा आणायची. तो आपल्या जागी आहे, दारातून निघायचा नाही, एवढ्यावर तिला झोप लागायची.

आणि संक्रांत होऊन गेल्यावर एक दिवस दगडाबाई वैजापूरहून आली ती हसतच. तिकडं बायकांचं हळदीकुंकू आहे, त्यात नाटक बसवलंय, म्हणाली, आणि सागवानी सोफा हातगाड्यावरून चाललेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

द्वारकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या म्हाताऱ्यानं घात केला. तरी मी तेव्हाच ओळखलं होतं, लई बरं वाटतं म्हणे! ती मिळेल त्या एसटीनं निघाली. वाटेभर तिनं बद्रीनाथाला द्यायच्या शिव्या जुळवल्या, आणि त्या चांगल्या कसदार होत्या.

घरापुढं आली आणि जागीच थांबली. दाराची चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. चौकट! विटा उघड्या पडल्या होत्या आणि दाराच्या जागी सोलापुरी चादर लावली होती. चादर सारून आत गेली. खोली उघडीबोडकी, जिथं सोफा होता तिथं फरशीवर धुळीची चौकोनी खूण. मधोमध खताच्या पोत्यावर जावई बसला होता, पुढ्यात स्टोव्ह, स्टोव्हवर भलंमोठं पातेलं. तो चहा उकळत होता.

तुमचे आबा कुठं आहेत, असं तिनं विचारलं.

"आबा शेतावर राहायला गेले, मामी. त्यांची बाज पण गेली ना." रामकिसननं चहा ढवळला. "आबांना कशाला बोलता. तुमच्या लेकीनं बसवलंय नाटक. तीच दिग्दर्शक हाय."

द्वारकाबाई भिंतीला टेकून खाली बसली. सुपातले न संपणारे तांदूळ आठवले. पायानं सरकवलेलं स्टूल आठवलं, आणि भिंतीवर आपटलेला तो आवाज. परक्या घरातला नाद हुडकत तिनं सारं गाव पालथं घातलं, आणि नाद तिच्याच उंबऱ्यात तांदूळ निवडत बसला होता. तिला रडूही येईना. स्वतःचाच इतका राग तिला कधी आला नव्हता.

तेवढ्यात वच्छला लगबगीनं आली, उरलेल्या कपबश्या न्यायला. आईला बघून ती पाया पडली नाही की कधी आलीस विचारलं नाही. तिनं आईकडं वरून खाली बघितलं. तात्यासाहेब सोफ्याकडं बघायचे तसं.

"आई, बरं झालं आलीस. पाचव्या रांगेत कडंला बस. लुगडं हेच राहू दे. दुसऱ्या अंकात मी ओला कप सोफ्यावर ठेवीन, तेव्हा उठायचं आणि बशीचं बोलायचं. तेव्हा बोलली होतीस ना, तसंच."

"मी नाय बोलणार."

"बोलशील." वच्छला कपबश्या उचलून निघालीसुद्धा. "कप दिसला की बोलशील तू."

मंगल कार्यालयात दुपारी कार्यक्रम होता. गावच्या साऱ्या बायका तिळगूळ खात बसलेल्या. द्वारकाबाई पाचव्या रांगेतच बसली, कारण दुसरी जागा लेकीनं शिल्लक ठेवली नव्हती. शेजारी रामकिसन, पडदा उघडायच्या आधीच पेंगायला लागलेला. पडदा उघडला. समोर रामकिसनचा सोफा, रामकिसनचे पडदे, भिंतीवर बंद पाडलेलं घड्याळ. वच्छला मधोमध उभी होती आणि काम, खरं सांगायचं तर, बरं करत होती. बापापेक्षा तर हजार पटीनं बरं. त्यानं द्वारकाबाईचं दुःख वाढलंच. वाईट असती तर एखाद्या वर्षात सुटली असती.

दुसरा अंक आला. वच्छला चहा प्याली. कप बुडाशी ओला होता, हे पाचव्या रांगेतून दिसत होतं. तिनं तो सागवानाच्या हातावर ठेवला आणि सरळ आईकडं बघितलं.

द्वारकाबाईच्या जिभेवर शब्द आले. तिनं दात आवळले. पदराचा बोळा करून तोंडात धरला. जन्मात एकदा खरं बोलले ते ह्यांनी लुटलं, आता परत नाही. वच्छलानं कप उचलला, परत ठेवला, ह्या वेळी वाजवून. थोडा चहा हिंदकळला आणि लाकडावरून ओघळला. द्वारकाबाईनं डोळे मिटून घेतले. ती हलली नाही. कुणाला ठाऊक नाही, पण त्या दिवशी त्या कार्यालयात सगळ्यांत अवघड काम तीच करत होती.

आणि शेजारून आवाज आला.

"अगं, बशी ठेव की खाली! सागवानी हाय ते!"

रामकिसन उभा होता. झोपेतून उठलेला, केस विस्कटलेले, रागानं लाल, बोट सोफ्याकडं. नाटकात आहोत की घरात, त्याला काही भान नव्हतं. मग बायकांनी टाळ्या पिटायला जी सुरुवात केली, ती थांबेनाच. स्टेजवर वच्छलानं लगबगीनं बशी ठेवली, आणि तिचं तोंड असं उजळलं की द्वारकाबाईला ओसरीवरचं ते चौकटीतलं प्रमाणपत्र आठवलं.

रामकिसन चहूकडं बघत राहिला. "मामी, मी खरंच बोललो," तो म्हणाला. "हे टाळ्या कशाला वाजवतेत?"

द्वारकाबाईनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. जावयाला हात लावायची आपल्यात रीत नाही, पण तिला ह्या पोराची इतकी दया आली की रीत आठवली नाही.

"बसा, जावईबापू," ती म्हणाली. "माझ्या वक्ताला बी अशाच वाजवल्या व्हत्या."

रामकिसन बसला. त्याला परत झोप आली नाही.